पाऊण हाताचा जिताडा

भुईगावच्या इनासने आयुष्यात जेवढे खरे मासे पकडले, त्याहून जास्त खोटे मासे घडवले. बाप्तिस्म्यात त्याचं नाव इग्नेशियस ठेवलं होतं. पण एवढं नाव हाक मारून संपेपर्यंत माणूस गल्ली ओलांडून जातो, म्हणून त्याचा इनास झाला, आणि इनासच म्हातारा झाला.

खोटा मासा म्हणजे लाकडाचा, जिताड्यासाठी. जिताडा हा खाडीतला जमीनदार. मेलेली कोळंबी गळाला लावून त्याच्यासमोर धरली तर तो मान वळवूनसुद्धा बघत नाही. त्याला समोरून पळणारं, घाबरलेलं काहीतरी लागतं. जिवंत बोय, म्हणजे खाडीतली चंदेरी मासळी, मिळाली तर उत्तम, नाहीतर बोयीसारखं दिसणारं लाकूड. हल्लीची पोरं असले मासे ऑनलाइन मागवतात, त्यांना लूर म्हणतात, आणि एखादी दगडात अडकून तुटली की बांधावर डोक्याला हात लावून बसतात. इनासचं लाकूड फुकटचं होतं. त्याचा जुना दोस्त चंद्रहास याची आगाशीला पानवेलीची वाडी. वेल चढवायला तिथे पांगारा लावतात, आणि त्याच्या छाटलेल्या फांद्या चंद्रहास इनाससाठी वाळवून ठेवायचा. पांगाऱ्याचं लाकूड इतकं हलकं की इनास सांगायचा, "एकदा मासा तासत होतो, खिडकी उघडी राहिली, वारा आला आणि मासा उडून शेजारच्या चिकूवर जाऊन बसला. कावळीने आपलं पिल्लू समजून त्याला भरवलं. खाली उतरवला तेव्हा वजन वाढलेलं!"

कोयत्याने ढोबळ आकार, चाकूने पोट आणि पाठ, मग काचपेपर. पोटातून सायकलची तार आरपार, दोन्ही टोकांना कडी. एका कडीला गळ, दुसरीला तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी. हनुवटीखाली जुन्या चमच्याचा तुकडा, जिभेसारखा, म्हणजे ओढलं की मासा पाण्यात डोकं खुपसतो. डोळ्यांना गुंजा. लाल दाणा, त्यावर काळा ठिपका. देवाने गुंज माशाच्या डोळ्यासाठीच केली आणि सोनारांनी ती मधल्यामध्ये पळवली, असं इनासचं मत.

खवल्यांना चांदी लागते. ती इनासकडे पिशवीभर होती. त्याची बायको सालोमी शेवटच्या आजारपणात ज्या गोळ्या खायची, त्यांची रिकामी पाकिटं. त्यांच्या मागचा चंदेरी कागद नखाने अलगद सोलायचा, लाकडावर चिकटवायचा, आणि वरून त्याच्या मुलीचं, सँड्राचं, लग्नाआधीचं बिनरंगाचं नेलपॉलिश थिनर घालून फिरवायचं.

मग परीक्षा, धुण्याच्या टबात. मासा सरळ पोहला तर नापास. शेपटी किंचित वाकडी तासून, तो थोडा लंगडला पाहिजे. सरळ चालणाऱ्या बोयीला जिताडा म्हणतो, चालली असेल आपल्या कामाला. लंगडणारी दिसली की म्हणतो, ही माझी.

इनासच्या गोष्टीही अशाच असायच्या. कुठेतरी एक लंगडा पाय, ऐकणाऱ्याला धरता यावा असा. आणि तो धरणारी घरातच होती.

सालोमी आगाशीच्या बाजारात भाजी विकायची. बाजाराची रीत सगळ्यांना ठाऊक असते: बाई पहिला भाव दुप्पट सांगते, गिऱ्हाईक तो अर्धा करतं, आणि दोघं बरोबर जागी येऊन भेटतात. यात कोणी कोणाला फसवत नाही. सालोमीने हीच रीत घरात आणली. इनास ओसरीवर चंद्रहासला मासा दाखवायला हात फाकवायचा, आणि स्वयंपाकघरातून, कांदा चिरता चिरता, मागे न बघता हाक यायची.

"सहा हात होता, आईशप्पत!"

"अर्धं कर!"

"बरं, तीन."

"इनास!"

"बरं बाई, दीड. पण शेपूट वेगळी!"

चंद्रहास हसून हसून पानाचा तोबरा सांडायचा. पुढे पुढे इनासला सवयच झाली. ती अर्धं करणार, म्हणून हा आधीच दुप्पट सांगायचा. मासा असो, पाऊस असो, गुडघेदुखी असो. खरी गोष्ट दोघांच्या मधे कुठेतरी, ओसरी आणि चुलीच्या मधल्या उंबऱ्यावर बसलेली असायची.

मग सालोमी गेली. आणि दुप्पट तशीच राहिली.

इनास अजूनही आकडा सांगितला की थांबायचा. हात फाकवलेले, तोंड किंचित स्वयंपाकघराकडे वळलेलं, कान टवकारलेले. लोकांना वाटायचं, म्हातारा पुढचं विसरला.

"अंकल, पुढे काय झालं?" शेजारच्या नव्या बंगल्यात भाड्याने आलेला चिराग आवाज चढवून विचारायचा, जणू इनासला ऐकूही कमी येतं. इनासने त्याला सांगितलं होतं की उघाडीखाली, म्हणजे बांधातल्या त्या दरवाजाखाली जिथून भरती-ओहोटीचं पाणी ये-जा करतं, तिथे सहा हातांचा जिताडा राहतो, आणि तो इनासला बघून खोकतो.

"वॉव अंकल," चिराग म्हणाला. "मस्तच ना."

इनासला ते वॉव दिवसभर दाताखालच्या खड्यासारखं लागलं. सहा हातांचा खोकणारा मासा, आणि मस्तच! अरे, भांड की माझ्याशी!

त्या पावसात घरात पाणी शिरलं तेव्हा सँड्राने विरारहून फोन केला, किती आहे पाणी? इनास म्हणाला, "छातीपर्यंत." पोरगी बँकेतून अर्धी रजा टाकून, मिळेल त्या रिक्षाने धावत आली. भिंतीवरची ओल गुडघ्याच्या जरा वर होती. तिने आधी त्या ओलीकडे बघितलं, मग बापाकडे. मग ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली, तिथे डॉक्टरांनी विचारलं, चहा किती घेता? "बारा कप," असं सांगून इनास थांबला आणि वाट बघत राहिला. डॉक्टरांनी बारा लिहिले. सँड्राने डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टरांनी सँड्राकडे.

एका गुरुवारी चंद्रहास पांगाऱ्याच्या फांद्या घेऊन आला. इनासला बरं वाटलं. गावात एक तरी माणूस होता, ज्याच्याकडून शिवी मिळायची खात्री होती.

"काल दिसला परत," इनासने सुरुवात केली. "सहा हात. उघाडीच्या दगडावर हनुवटी टेकून बसला होता. मला म्हणतो, इनास, ओहोटी उशिरा का रे आज?"

चंद्रहासने फांद्या भिंतीला लावून ठेवल्या. "असं? बरं मग?"

"मग काय! मासा बोलला म्हणतोय मी."

"हो ना. बोलला असेल."

"चंदू, तुला बरं वाटत नाही का?"

"मला काय झालंय?"

"एरवी मला ढोंग्या म्हणतोस, लबाडाच्या म्हणतोस, माझ्या आजोबांपर्यंत जातोस. आज नुसता मान हलवतोस, नंदीबैलासारखा?"

चंद्रहासने पानाचा डबा उघडला, बंद केला, परत उघडला. तो चांगला वाडीवाला होता. खोटं बोलायला त्याला कधीच जमलं नाही, म्हणूनच तर तो आयुष्यभर नुसता ऐकत आला होता. "सँड्राने सांगितलंय," तो म्हणाला. "त्याला उलट बोलू नका. घोटाळा वाढतो म्हणे डोक्यातला. सोमवारी मोठ्या डॉक्टरला दाखवणार आहे, डोक्याच्या. आणि मग तिकडेच ठेवून घेणार तुला. तिच्या टॉवरमध्ये."

"म्हणजे गाव मला येडा समजतं?"

"येडा कोणी म्हणालं नाही रे."

"तू काय समजतोस?"

चंद्रहास पान लावत राहिला. बराच वेळ लावत राहिला. एवढा चुना लावला की ते पान कोणी खाल्लंच नसतं.

तो गेल्यावर इनास ओसरीवर बसून राहिला. चौदाव्या मजल्यावरचा सँड्राचा फ्लॅट त्याने बघितला होता. तिथून समुद्र दिसतो, पण दोरीवर वाळत टाकलेल्या लुंगीसारखा. वास नाही, आवाज नाही. पण त्याचंही एवढं नव्हतं. खोटारडा म्हणून जगणं वेगळं आणि भ्रमिष्ट म्हणून सांभाळलं जाणं वेगळं. खोटारड्याला लोक शिव्या देतात. भ्रमिष्टाला हो म्हणतात.

त्याने ठरवलं: मासाच आणायचा. तो जिताडा त्याने खरंच पाहिला होता. उघाडीखाली, वळणाऱ्या पाण्यात, एकदा पाठ आणि एकदा शेपटी. तीन हातांचा असेल. म्हणून तर सहा सांगितले! तो मासा ओट्यावर आडवा ठेवला की सँड्रा स्वतः मोजेल, आणि तिला कळेल की बापाचा हिशोब जिथल्या तिथे आहे. रविवारी मिस्सा झाली की ती डबा घेऊन यायची. तोपर्यंत.

शुक्रवारी तो कामाला बसला. नवा मासा, वीतभर. शेपटी वाकडी, पण अगदी तांदळाएवढी. खवल्यांसाठी पिशवीत हात घातला तर एकच पाकीट राहिलेलं, तळाशी. त्यात दोन गोळ्या होत्या. त्या सकाळी सालोमीला गिळता आलं नव्हतं, आणि संध्याकाळी गरज उरली नव्हती. हे पाकीट इनासने प्रत्येक वेळी बाजूला सारलं होतं. आज त्याने त्या दोन्ही गोळ्या दाबून बाहेर काढल्या, बशीत ठेवल्या, आणि कागद सोलला. फाटू दिला नाही. मासा टबात सोडला तेव्हा तो असा लंगडला की इनासलाच त्याची दया आली.

शनिवारी उजाडता उजाडता ओहोटी होती. बांधावर चिटपाखरू नव्हतं. नाही म्हणायला एक बगळा होता, पण तो आपल्याच पोटाच्या काळजीत. उघाडीतून पाणी बाहेर धावत होतं आणि त्याबरोबर बारीक बोयी. इनासने वेळूची काठी फिरवून खोटा मासा पाण्याच्या तोंडाशी टाकला, ओढला. टाकला, ओढला. तिसऱ्या-चौथ्या वेळी पाणी आतून उसळलं, आणि काठी त्याच्या हातातून गेलीच होती, एवढ्यात त्याने ती छातीशी धरली.

आता इथे इनास असता तर म्हणाला असता की मासा त्याला अर्नाळ्यापर्यंत ओढत घेऊन गेला, वाटेत चहा पाजला आणि परत आणून सोडला. तसं काही झालं नाही. जे झालं ते असं: मासा धावला तो नेमका उघाडीच्या कुशीतल्या खळग्यात, आणि ओहोटीने त्या खळग्यातलं पाणी झरझर उपसत नेलं. मासा दगड आणि चिखल यांच्यामध्ये अडकला. इनास बांधावरून घसरत खाली गेला, कंबरेपर्यंत चिखलात, आणि त्या माशावर पोटाने पडला. माशाच्या गालाची धार त्याच्या तळहाताला चिरून गेली. दोघं तसेच पडून राहिले, दोघंही धापा टाकत, एकमेकांच्या तोंडाकडे बघत.

मासा खरोखरचा होता. पितळी डोळ्याचा, तांबूस शेपटीचा. ओठातून इनासचा लाकडी मासा बाहेर लोंबत होता आणि सालोमीच्या गोळ्यांचा कागद उजेडात चमकत होता.

"अरे, कोणी आहे का रे!" इनास ओरडला. "चंदू! चिराग! कोणी तरी बघा रे!"

बगळ्याने बघितलं आणि तो उडून गेला.

त्याच वेळी एखादं लाकूड घेऊन माशाच्या डोक्यात घातलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती, जिताड्याच्या कालवणावर. पण इनासला पुरावा हवा होता, आणि आकडा पक्का हवा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला मासा मोजावासा वाटला. त्याने पिशवीच्या तोंडाची सुतळी सोडली, एक टोक माशाच्या नाकाला धरलं, दुसरं ताणत शेपटीपर्यंत नेलं, दाताने तोडलं. मग ती सुतळी आपल्या कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत लावून बघितली. एक. दोन. तीन. केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही.

"तीन!" तो आनंदाने ओरडला, आणि दोन्ही हात वर केले.

तेवढीच सवड माशाला हवी होती. शेपटीचा एकच फटका, इनासच्या तोंडभर चिखल, तंगूस दगडाच्या कडेला घासून तुटली, आणि मासा दगडावरून घसरून खाली वाहत्या पाण्यात. लाकडी मासा ओठात घेऊन. एकदा काहीतरी चमकलं, बस्स.

इनास चिखलात बसून राहिला. हातात तीन हात सुतळी. आणि सुतळीचा पुरावा कोण मानणार? सुतळी काय, कोणालाही कितीही तोडता येते.

रविवारी सँड्रा आली. पप्पाचा बांधलेला हात बघून तिने डबा तसाच खाली ठेवला. "हे काय?"

"लागलं."

"कशाने?"

इनासने खिशातल्या सुतळीला हात लावला. खरं सांगितलं तर: तीन हातांचा जिताडा, त्याच्यावर मी पोटाने पडलो, एवढ्यात तो निसटला, आणि बघायला कोणी नव्हतं. पुढे तिचं उत्तर काय येणार तेही त्याला ठाऊक होतं. हो पप्पा. बरं पप्पा. उद्या तयार राहा पप्पा.

"मासा लागला होता," तो म्हणाला. "त्याचा गाल लागला."

"असं." सँड्रा स्वयंपाकघरात गेली. "बस तू. मी कांदा परतते आणि ते सुकं गरम करते." तेल तापल्याचा वास आला, सुरी लाकडावर वाजू लागली. तिकडून, पाठ फिरवलेलीच, तिने विचारलं, "केवढा होता?"

इनासने ओसरीवर हात फाकवले. मग जवळ आणले. मग आणखी जवळ. आयुष्यात कधी गिळला नव्हता एवढा मोठा घास त्याने गिळला.

"दीड हात," तो म्हणाला. भलत्याच सज्जन आवाजात.

सुरी थांबली नाही.

"अर्धं कर, पप्पा!"

आणि मग सुरी थांबली. सँड्रा दारात आली, हातात अर्धा कांदा, स्वतःच्याच तोंडावर हात ठेवल्यासारखी. कांद्यामुळे डोळे भरले होते, असं म्हणू या. "सॉरी पप्पा. मला तसं... माझ्या तोंडून..."

"पाऊण," इनास म्हणाला.

"काय?"

"पाऊण हात होता. तू म्हणालीस म्हणून." त्याची मिशी हसत होती. "शेपूट वेगळी."

सँड्रा त्याच्याकडे बघत राहिली. ओल चढलेल्या भिंतीकडे तिची नजर गेली, आणि काहीतरी तिच्या चेहऱ्यावर हळूहळू सरकत आलं.

"पाणी छातीपर्यंत आलेलं?"

"मांडीपर्यंत. मोजून अर्धं."

"बारा चहा?"

"सहा. त्यातले दोन चंदूच्या घरचे, ते काय चहा म्हणायचे?"

"आणि तो खोकणारा मासा?"

"त्याला," इनास म्हणाला, "अर्धाच खोकला आहे."

सँड्रा उंबऱ्यावर बसली, कांद्यासकट, आणि हसायला लागली. कढईतलं तेल जळून घरभर धूर झाला तेव्हाच उठली. जेवताना तिने डॉक्टरांचं नाव काढलं नाही. इनासने विचारलं नाही. निघताना एवढंच म्हणाली, "उद्याचं बघू. मी फोन करते. आणि विचारलं तर नीट सांग, नाहीतर मी भांडणार आहे." केळीचा घड बांधायला तिला काही सापडेना, तर इनासने खिशातून सुतळी काढून दिली. तिने तीन फेरे मारून गाठ घातली. "केवढी लांब ठेवलीस रे," म्हणाली, आणि गेली. रिक्षाचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला, मग नाही.

घर परत आपल्या जागी आलं. इनासने बशीतल्या दोन गोळ्या उचलल्या, परसातल्या सोनचाफ्याच्या बुंध्याशी माती उकरून पुरल्या. हात धुतले. उद्या चंदूकडे पांगारा मागायचा, त्याने ठरवलं. आणि पाऊण हाताचा मासा सांगून बघायचा, तो काय बोलतो ते.

मग ओसरीवर, नेहमीच्या जागी बसला. तोंड किंचित स्वयंपाकघराकडे.

"सालोमी," तो म्हणाला, "तीन हात होता गं. खरंच तीन."

आणि थांबला. कान टवकारून, नेहमीसारखा. ओट्यावर सँड्राने धुऊन ठेवलेल्या कढईतून पाण्याचा एक थेंब पडला. बाकी काही नाही. कोणी अर्धं कर म्हणालं नाही.

म्हणजे पटलं तिला.